रविवारचा पांढरा रुमाल

३ जानेवारी १९७८, मंगळवार

काल दुपारी घरी पोचलो. इस्लामपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा अंगावर इतकी धूळ होती की फर्नांडिस साहेबांनी मला जहाजावर चढूच दिलं नसतं. ते आमचे हेड स्टुअर्ड, म्हणजे केबिनी बघणाऱ्या नोकरांचे मुख्य. ही डायरीही त्यांनीच दिलेली. म्हणाले, कृष्णात, उद्या माझ्या जागेवर बसायचं असेल तर रोजचं रोज लिहायची सवय लाव. यंदा ते निवृत्त होणार, आणि जागा मला मिळावी असं त्यांनी कंपनीला कळवलंय. त्या आशेवरच मी मधली सुट्टी घेतली नाही. पावणेतीन वर्षं गाव पाहिलं नाही.

साळूबाई उंबऱ्यात उभी होती. ट्रंक खाली ठेवून चेष्टेनं विचारलं, "वळखलंस का?"

ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "न वळखाय काय झालं? गेलासा तवा हुता तसंच हायसा. काय बी फरक न्हाई."

खरं म्हणजे जाताना केस काळे होते आणि आता कापूस झालाय. पण बायकोच्या नजरेत नवरा म्हातारा होत नसावा. रात्री जेवताना दोनदा आठवलं आणि दोन्ही वेळा बरं वाटलं.

५ जानेवारी

सकाळी शेजारचे नानासो आले. त्यांचं गुऱ्हाळ आमच्या परसाला लागूनच आहे. त्यांचा दरवेळचा प्रश्न, जहाज जातं कुठं? मी सांगितलं, कुठंच जात नाही. माणसं चढतात, चार बेटं बघतात, खातात, नाचतात आणि पुन्हा चढले तिथंच उतरतात. नानासो म्हणाले, "म्हंजी घाण्याच्या बैलावानी. आन तू काय करतूस?"

मी म्हणालो, देखरेख. साळूबाई आत भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला असं वाटलं.

या डायरीत खोटं कशाला लिहू? मी केबिनी झाडतो, पुसतो, संडास-बाथरूम घासतो. बारा वर्षं. फौजेतून सुटलेला, बागायतदाराचा मुलगा परक्यांचे संडास धुतो हे गावात कुणाला माहीत नाही. घरीही नाही. पण ते काम हलकं नाही. चार वर्षांपूर्वी एका फेरीत दीडशे प्रवाशांची पोटं एकदम बिघडली. तेव्हापासून बंदराचा डॉक्टर कागद घेऊन येतो आणि अख्ख्या जहाजाला शंभरपैकी मार्क देतो. माझ्या भागाचे मार्क आजवर कापले गेले नाहीत. पाणी दोन बादल्यांत, फडकं प्रत्येक केबिनला वेगळं, आणि प्रत्येक वस्तू ठरल्या जागी.

८ जानेवारी, रविवार

जहाजावर रविवारी दहाला कप्तानाचा राऊंड असतो. कप्तान पांढऱ्या रुमालानं दाराची वरची कड पुसतो, कारण वरची कड कुणी पुसत नाही. आज बॅटरी आणि रुमाल घेऊन मी घरात राऊंड काढला. साळूबाई स्वयंपाकघराच्या दाराशी पदर सावरून उभी राहिली. तिला कुणी उभं राहायला सांगितलं नव्हतं.

कंदिलाची काच काळी. कोपऱ्यात जाळी. फडताळावर बोटभर काजळी, तीही गुऱ्हाळाची. निवडलेल्या ज्वारीत खडे. रुमाल काळा झाला तो मी तिला दाखवला. 

साठ मार्क दिले. पूर्वी हिचं घर आरशासारखं असायचं. मी नसताना ढिली पडली असं दिसतं. शिवाय नानासोंची बायको भामाबाई रोज सकाळी हिच्याकडे येऊन बसते. म्हणे तांदूळ निवडायला. स्वतःच्या घरात तांदूळ नाहीत का हिला?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. माझ्या शर्टाचं बटण तुटलं होतं, ते साळूबाईनं भामाबाईच्या मुलीकडे, विजयमालाकडे, लावायला दिलं. मी म्हणालो, एवढंही आपल्या हातानं होत नाही? म्हणाली, "पोरीला शिवणाची सवय लागाय पायजे."

यावरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिची पत्रं विजयमालाच्या अक्षरात यायला लागली. तेव्हा लिहिलं होतं, हात दुखतो. मी मलमाची बाटली पाठवली होती. ती अजून देवळीत आहे, सील न फोडलेली. माणसानं इतक्या लांबून पाठवलेल्या वस्तूची किंमत ठेवू नये याचं वाईट वाटलं.

१७ जानेवारी

आज स्वयंपाकघर नव्यानं लावलं. जुने वेडेवाकडे डबे काढून टाकले. एकाचं झाकण चेपलेलं, एकाच्या कडीला सुतळी बांधलेली, एकाला तडा. इस्लामपूरहून बारा सारखे डबे आणले, पांढरा रंग दिला आणि वर सुबक अक्षरांत नावं लिहिली. हळद, मीठ, साखर, धुण्याचा सोडा, चहा. उंचीप्रमाणे भांडी. पाण्याची घागर दाराजवळून उचलून खिडकीखाली. चूलही हातभर सरकवून घेतली, धूर नीट जावा म्हणून.

साळूबाईला हाताला धरून दाखवलं. ती म्हणाली, "लय झ्याक झालं." मग सगळ्या डब्यांवरून हात फिरवत राहिली. नवी वस्तू बायकांना हाताळून बघायला आवडते.

२१ जानेवारी

आमटीचा पहिलाच घास तोंडातून काढावा लागला. मिठाऐवजी धुण्याचा सोडा. एवढी ठसठशीत नावं लिहिलेली, आणि ही चौथी पास. मी रागानं बोललो. म्हणालो, जहाजावर असं झालं असतं तर पहिल्या बंदरात उतरवलं असतं.

तिनं ताट उचललं आणि चुलीकडे नेलं. तिच्या मनगटाला भाजलेलं दिसलं. विचारलं तर म्हणाली, "चूल हलली न्हवं, सवय व्हाय दोन दिस लागत्यात."

२२ जानेवारी, रविवार

पंचेचाळीस मार्क. लिहून ठेवतो, बाकी काही लिहिण्याची इच्छा नाही. घर सुधारण्याऐवजी बिघडतंय, आणि ते मी आल्यापासून. हे मला समजत नाही.

२६ जानेवारी

मुंबईहून कंपनीचं पत्र आलं. हेड स्टुअर्ड म्हणून नेमणूक. अठरा फेब्रुवारीला जहाजावर हजर व्हायचं. पत्र तीनदा वाचलं, मग साळूबाईला वाचायला दिलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि परत माझ्या हातात दिलं. "तुमीच वाचा. तुमच्या तोंडनं बरं वाटतंय."

वाचून दाखवलं. डोळ्याला पदर लावून रडली. आनंदानं रडली. जोतीरामला, आमच्या मुलाला, तिकडे जम्मूच्या छावणीत कळवायला सांगितलं. मी म्हणालो, आणखी दोन वर्षं फक्त. ती म्हणाली, "जावा. माजी काय काळजी करू नगासा."

२९ जानेवारी, रविवार

आज मन खट्टू आहे.

जाण्याआधीचे दोन-तीनच राऊंड राहिले म्हणून आज जरा मायेनंच काढला. आणि काय सांगू, फडताळ, दाराची वरची कड, देवळी, सगळीकडून रुमाल फिरवला आणि तो जसाच्या तसा पांढरा. नव्या कापडासारखा. पहाटेपासून ही आणि भामाबाई घासत होत्या तर! मला इतका आनंद झाला. चेष्टा म्हणून कप्तानासारखं तोंड केलं, रुमाल तिच्यापुढे धरला आणि नुसतं म्हणालो, "बघ."

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "व्हय. लय काळा झालाय. उद्या परत पुसते."

टोमणा मारायची हिला कधी सवय नव्हती. मी चांगलं म्हणणार होतो ते तोंडातच राहिलं. रुमाल घडी करून खिशात टाकला आणि बाहेर जाऊन बसलो. नव्वद द्यायचे होते, दिलेच नाहीत.

३१ जानेवारी, मंगळवार

कसं लिहू.

दुपारी ट्रंक ऊन दाखवून आत आणली आणि माजघरात मधोमध ठेवली. काळी ट्रंक, वर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव. साळूबाई चहाचा पेला घेऊन आली ती सरळ ट्रंकेवर आली आणि पडली. पेला फुटला. ती पालथी पडल्या पडल्या दोन्ही हातांनी जमीन चाचपत काचा गोळा करायला लागली.

मी ओरडलो, "एवढी ट्रंक दिसत न्हाई का?"

तिचा हात थांबला. मग अगदी हळू म्हणाली, "न्हाई. न्हाई दिसत."

१ फेब्रुवारी

दोन वर्षं झाली म्हणे. आधी डावा डोळा, मग उजवा. उजेड कळतो, माणूस आलं-गेलं कळतं, तोंड कळत नाही. सांगलीला एकदा भामाबाई घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू, पण घरचं माणूस जवळ राहायला पाहिजे.

मी विचारलं, मला का नाही कळवलंस?

"कळवलं असतं तर पळत आला असतासा. आन हेडचं काम गेलं म्हणून जलमभर तोंड पाडून बसला असतासा. मला त्ये बघवलं नसतं." मग स्वतःच हसली. "आता तर काय बी बघवत न्हाई."

ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक पानावर लिहिलेलं आहे, आणि लिहिणारा मीच. मार्क खोडणार होतो. खोडले नाहीत. राहू देत, मला बघायला लागतील.

३ फेब्रुवारी

सकाळपासून स्वयंपाकघर परत लावलं. ती पाटावर बसून सांगत होती, मी करत होतो.

"चूल भिताडापासनं दोन हात. मीठ चुलीपासनं येक वीत. त्येच्या पल्याड हळद. चेपल्या झाकणाची हळद, सुतळीची साखर, तडा गेलेला सोडा. आन घागर दारापाशी, उजव्या अंगाला. सोडा कवा बी मिठाच्या शेजारी न्हाई ठेवायचा."

चेपलेल्या झाकणाचा डबा गोठ्यात सापडला, मी त्यात खिळे भरले होते. धुऊन, उकळून आणला. सुतळीही नवी बांधली. ती चाचपून म्हणाली, "गाठ उलटी हाय. पण असू द्या, आता वळखंल."

सगळं झाल्यावर दार लावलं, डोळे मिटून चुलीपुढे बसलो. हात पुढे केला तर मीठ. आणखी पुढे, हळद. डावीकडे पळी, तिच्याखाली उलथणं. बारा वर्षं मी ज्याला शिस्त म्हणत होतो ती नुसती दिसायला छान होती. हिनं दोन वर्षं अंधारात घर चालवलं, कुणाला पत्ता न लागू देता, आणि मी येऊन पंधरा दिवसांत तिला तिच्याच घरात आंधळी केली.

डोळे उघडले तर ती दार लोटून उभी. "काय करतासा अंधारात?" म्हणाली. मी म्हणालो, राऊंड.

७ फेब्रुवारी

मिरजेला जाऊन आलो. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत. उजवा आधी काढायचा, सोळा तारखेला. दहा-बारा दिवस दवाखान्यात, नंतर पाच आठवडे घरी जपायचं, मग चष्मा. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रियेपेक्षा नंतरची स्वच्छता महत्त्वाची, डोळ्यात जंतू गेले तर सगळं वाया जाईल.

परतीच्या एस.टी.त सांगली मागे पडल्यावर साळूबाई म्हणाली, "सोळाला माजा डोळा आन अठराला तुमचं जहाज. भामाबाई ऱ्हाईल माज्यापाशी. तुमी जावा."

 खरं लिहायचं तर मनात एकदा येऊन गेलं की भामाबाई राहीलच. त्या क्षणाची लाज वाटते, पण आलं होतं.

९ फेब्रुवारी

कंपनीला पत्र टाकलं. येऊ शकत नाही, जागा दुसऱ्याला द्यावी. फर्नांडिस साहेबांना वेगळं लिहिलं. त्यात लिहिलं की घरी राऊंड चुकला, तो नीट करायचा आहे. ते समजतील.

साळूबाईला सांगितल्यावर ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी जेवायला वाढताना ताटात तुपाची धार मात्र मोठी सोडली.

१८ फेब्रुवारी

आज जहाज सुटलं असेल.

परवा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. वॉर्ड स्वच्छ आहे, मी मनातल्या मनात ब्याण्णव दिले. तरी नर्सबाईंना विचारून हिच्या खाटेभोवतीचं काम मी घेतलंय. दोन बादल्या, खाटेला वेगळं फडकं, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय जवळ जायचं नाही. हिचं भांडंही मीच नेतो, धुतो, उकळत्या पाण्यातून काढतो.

दुपारी नानासो भेटायला आले आणि मला नेमके संडासाच्या दाराशी हातात ब्रश घेतलेला बघून थबकले. "किस्नात, ह्ये रं काय? तू?"

बारा वर्षं ज्याला भीत होतो ते समोर आलं. मी म्हणालो, "जहाजावर बी हेच करतूय. बारा वर्सं."

नानासो काही बोलायच्या आत खाटेवरून आवाज आला. "मला ठावं हाय. पयल्या सुट्टीला आलासा तवाच अंगाला फिनेलचा वास हुता. म्हटलं, सांगायचं आसंल तवा सांगतील."

नानासोंनी मोसंबी ठेवली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. जाताना म्हणाले, "भामाचं बी डोळं दाकवाय आणीन म्हणतो. तवा हाईस न्हवं हितं?"

२२ फेब्रुवारी

पट्टीमुळे तिला कोण जवळ आलं कळत नाही, दचकते. नर्सबाई म्हणाल्या, जवळ जाताना नावानं हाक मारा. आता तीस वर्षांत मी तिला नावानं कधी हाक मारलेली नाही. अगं, जोतीरामची आई, एवढंच. वॉर्डात अकरा बायका. पाण्याचा पेला घेऊन गेलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "साळू."

ती इतकी हसली की नर्सबाई रागावल्या. हसायलाही बंदी आहे.

१४ मार्च

घरी येऊन दोन आठवडे झाले. डोळ्यावर हिरवी पट्टी, चुलीपुढे जायचं नाही. स्वयंपाक मी करतो. भाकरीचा आकार अजून जमत नाही. जोतीरामचं पत्र आलं, वाचून दाखवलं. ती म्हणाली, पट्टी निघाली की पयलं पत्र माज्या हातानं लिवीन.

गुऱ्हाळ अजून चालू आहे. काजळी पडते. मी रोज पुसतो, तरी पडते.

५ एप्रिल, बुधवार

मिरजेहून चष्मा आणला. जाड भिंगाचा, तिचे डोळे त्यात केवढे मोठे दिसतात. दवाखान्यात लावू दिला नाही तिनं. म्हणाली, घरला जाऊन लावणार, आपल्या उंबऱ्यात.

दुपारी उंबऱ्यात उभी राहिली, चष्मा लावला. आधी अंगण बघितलं, मग तुळस, मग स्वतःचे हात उलटेपालटे करून. मग माझ्याकडे वळली आणि बघतच राहिली. पुढे आली, माझी टोपी काढली.

"आगं बया. केस कवा पिकलं वो तुमचं?"

"जहाजावर."

"समदंच?"

"समदंच."

"आन मला सांगितलं न्हाई?"

मी म्हणालो, "तू तरी कुठं सांगितलंस?"

ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. डोळ्यात पाणी आणायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमी तरी नका आणू." तेव्हा मला कळलं की माझ्याही आलंय.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "तुमचा त्यो रुमाल कुटं हाय?"

ट्रंकेतून काढून दिला. मी आपोआप स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तिनं टाचा उचलून फडताळाच्या वरच्या कडेवरून रुमाल फिरवला, चष्म्यासमोर धरला, लांब नेला, जवळ आणला. मग माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघा. काळा."

बघितलं. रुमाल खरंच काळा होता.